दाराशी ठेवलं

कळंब, ता. आंबेगाव
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. रवीस,

सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे मजेत आहोत. तूही मजेत असशील. माझा फोन वाजला की तो कट करायला तुझी बोटं अजून चपळ आहेत, तेव्हा तब्येत उत्तम असावी असं आईला सांगून ठेवलं आहे.

पत्र बघून तुला हसू येईल. एकाच जिल्ह्यात राहून बहीण भावाला कागदावर लिहिते म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय, असं वाटेल. बिनसलंयच. पण फोनवर तू "ऐक ना ताई" म्हणतोस आणि मी ऐकत बसते. लहानपणापासून असंच चालत आलंय. माझ्या वाटणीची चिक्की तू याच शब्दांवर खाल्लीस. कागद मध्येच कट करता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी इकडची खबर. कांद्याच्या लागणी सुरू झाल्यात, त्यामुळे मजूर मिळत नाहीत आणि मंचरपासून इथपर्यंत ट्रॅक्टरांनी रस्त्यावर वीट आणलाय. बिबट्या परवा ओढ्याकडेला पुन्हा दिसला. शाळेतली पोरं आता घोळक्यानं जातात आणि पप्पू दिवस मावळला की मळ्यांतली पार्सलं न्यायला नाही म्हणतो. मी रागावले तर म्हणतो, "ताई, बिबट्याला पावती दाखवून चालत न्हाई. त्याला मीच पार्सल वाटतो." आपल्या काकांच्या सगळ्या पोरांत हा एकच टेंपोवर टिकला आणि तो असा निघाला.

आईचे गुडघे थंडीनं धरलेत. माझ्या लग्नाचं तिनं अजून सोडलेलं नाही. मागच्या आठवड्यात जुन्नरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा ऑफिसात बसला, चहा प्याला आणि कुठल्याशा कुरिअरनं त्याचा मिक्सर कसा फोडला ते सांगत राहिला. जाताना म्हणाला, तुमच्याकडे भरपाई मिळते का? आई म्हणते, मुलगा बोलका आहे.

आता मुद्द्यावर येते.

जूनमध्ये तू आलास, ऑफिसच्या फळीवर लॅपटॉप उघडून तुमच्या कंपनीचं ॲप दाखवलंस आणि म्हणालास, "ताई, वर्षभर पूर्ण फुकट. पार्सल कुठं आहे ते गिऱ्हाइकाला घरबसल्या मोबाईलवर दिसेल. बदल्यात फक्त एक रिव्ह्यू लिहायचा." जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके कंपनीनं तुझ्याकडे दिलेत, इथल्या धंदेवाल्यांचे पुरेसे रिव्ह्यू आले की तुला कायम करणार, हेही सांगितलंस. मी विचारलं, रिव्ह्यूत काय लिहायचं? तू म्हणालास, "तुला वाटेल ते." तुझे हे शब्द माझ्या चांगले लक्षात आहेत. तुझ्या राहिलेले दिसत नाहीत.

खरं ते खरं लिहिते. ॲप वाईट नाही. पूर्वी दिवसभर फोन चालायचे. "ताई, माझं पार्सल कुठवर आलं?" "निघालंय." "कुठनं निघालंय?" "तुमच्या दिशेनं निघालंय." असं करत माझा घसा बसायचा. आता लोक मोबाईलवर टेंपो बघतात. नारायणगावच्या एका आजोबांना तर नादच लागला होता. त्यांचं पार्सल नसलं तरी ते नातवाच्या मोबाईलवर टेंपो बघत बसायचे आणि पप्पू चहाला जास्त वेळ थांबला की मला फोन करून चुगली करायचे. मी तुझ्या ॲपवर खूश होते, रवी. भाऊ म्हणून नाही, खरोखर.

पण त्यात एक खोड आहे. टेंपो पत्त्याच्या जवळपास जाऊन जरासा थांबला, की ॲप आपल्या मनानंच ठरवतं की पार्सल गेलं. "दाराशी ठेवलं" असं लिहितं, यादीतून नाव उडवतं आणि गिऱ्हाइकाला मेसेज धाडतं. पप्पूनं बोटसुद्धा लावायला नको. तू हे मोठ्या कौतुकानं सांगितलं होतंस, ड्रायव्हरचा वेळ वाचतो म्हणून. पुण्यात सोसायट्यांच्या गेटवर वाचतही असेल. इकडे सोमवारी बेल्ह्याचा बाजार असतो.

बाजाराच्या दिवशी बेल्ह्यात टेंपो थांबत नाही, अडकतो. दिवाळीनंतरच्या सोमवारी पप्पू एका खोंडामागं अडकला. खोंड विकला गेला होता, पण त्याला नव्या मालकाकडे जायचं नव्हतं. मालक पुढनं ओढतोय, जुना मालक मागनं समजूत घालतोय, आणि सगळा बाजार सल्ले देतोय. खोंडाची समजूत पटेपर्यंत तुझ्या ॲपनं बेल्ह्याची सगळी पार्सलं "दाराशी ठेवलं" करून टाकली. पप्पूनं मोबाईल बघितला, तर बेल्ह्याचं एकही नाव शिल्लक नाही. त्याला वाटलं, ताईनं ऑफिसातून काहीतरी बदललं असेल. तो तसाच आळेफाट्यावरून कळंबला निघून आला. पार्सलं सीटमागं ताडपत्रीखाली होती तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी बाई एसटीतून उतरून ऑफिसात आली. सखूबाई नाव, बेल्ह्याजवळच्या मळ्यातली. डोक्यावर पदर, हातात नातीचा मोबाईल. तिचं कानाचं यंत्र पुण्याला दुरुस्तीला गेलं होतं, ते आपल्या टेंपोनं परत यायचं होतं. ॲपनं तिला नुसता मेसेज नाही, फोनही केला होता, तो आपोआप बोलणारा. "आपले पार्सल मिळाले आहे. समाधानी असाल तर एक दाबा." आता यंत्र पार्सलात, तर तिला ऐकू कुठनं येणार? कुणी बोलत नाही असं वाटून तिनं फोन बंद करायला दिसेल ते बटण दाबलं आणि नेमका एक दाबला गेला. म्हणजे सखूबाई समाधानी आहेत, अशी तुमच्या कंपनीकडे नोंद आहे.

मेसेज नातीनं वाचून, खुणांनी समजावला होता. तो तिनं माझ्यापुढं धरला आणि साऱ्या कळंबला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरी, माज्या हातात कुनी दिलं, त्याचं नाव सांग."

मी तोंड हलवत राहिले. नाव कुणाचं सांगणार? पप्पू ताडपत्रीखाली शिरला आणि पाकीट घेऊन बाहेर आला. मी ते सखूबाईच्या हातात दिलं. तिनं तिथंच फोडलं, यंत्र कानात घातलं, बोटानं टकटक करून बघितलं आणि म्हणाली, "हां, आता बोल. मगाशी तुजं तोंड हलत व्हतं, पर मला वाटलं तू बी त्या मोबाईलवानी लबाड बोलतीस." पप्पूनं तिला टेंपोनं बेल्ह्याला सोडलं आणि बाकीची पार्सलंही घरोघर देऊन आला.

त्याच दिवशी मी रिव्ह्यू लिहिला. पाचापैकी तीन स्टार दिले. मजकूर असा होता: "टेंपो कुठं आहे हे छान कळतं. पार्सल कुणाच्या हातात पडलं हे कळत नाही, उलट न दिलेलं पार्सल दिलं म्हणून सांगतं. 'हातात दिलं' असं बटण ठेवा आणि ते माणसाला दाबू द्या. मग राहिलेले दोन स्टार देते." यात काय चुकलं, तूच सांग. मी तर उधारीवर दोन स्टार द्यायलाही तयार होते.

रिव्ह्यू काही दिसला नाही. कंपनीची मेल आली, की आपला अभिप्राय अपेक्षित स्वरूपात नाही, सोबत नमुना जोडला आहे, त्याप्रमाणे सुधारून पाठवावा, अन्यथा मोफत सेवा बंद करण्यात येईल. नमुन्यात माझं मत तयारच होतं. फक्त माझ्या नावाची जागा मोकळी सोडली होती, एवढे उपकार.

मग तुझा फोन आला.

"ताई, पाच टाक ना. तुला काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर तीनच राहू देत."

"ऐक ना ताई. या महिनाअखेरीला माझं ठरणार आहे, कायम होणार की नाही ते. सगळे असंच करतात गं. वाढदिवसाचा केक कसाही असला तरी छानच म्हणतो ना आपण?"

"केक खाऊन कुणाचं कानाचं यंत्र हरवत नाही," मी म्हणाले, आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तो ठेवलेलाच आहे.

मध्ये उठावं लागलं. एक द्राक्षबागवाला औषधाचे खोके घेऊन आला होता, एका खोक्यातून गळत होतं आणि त्याला ते तसंच पाठवायचं होतं. त्याच्याशी भांडून परत बसले. कुठवर आले होते? तुझ्यावर.

खरं तर पुढचं लिहायचं टाळतेय. दोनदा चहा झाला, फळी पुसून झाली, पप्पूला विनाकारण बोलून झालं. आईनं काल अण्णांचा फोटो भिंतीवरून काढून पुसला. सण नाही, पौर्णिमा नाही, तरी पुसला आणि हार बदलला. का, ते आता लिहितेच.

माझा रिव्ह्यू कुठं छापलाय का ते बघायला मी तुमच्या कंपनीचं पान उघडलं. माझा नव्हता. पप्पूचा होता! "या ॲपमुळे आमच्या संपूर्ण टीमची कार्यक्षमता वाढली." पप्पूची टीम म्हणजे पप्पू आणि स्टेपनी. त्याला विचारलं, तू लिहिलंस का रे? तर म्हणतो, "मी न्हाई लिवलं ताई, पर रवीभाऊनी लई भारी लिवलंय राव." मंचरच्या सलूनमध्ये तो सगळ्यांना दाखवून आलाय. मंगलकाकूचाही होता. काकूकडं साधा बटणांचा फोन आहे आणि ती म्हणते, "डॅशबोर्ड आकर्षक आहे." मी इतकी हसले की खुर्चीवरून पडायची राहिले. एवढ्यावर थांबला असतास तर हे पत्र लिहिलंच नसतं. चार शिव्या देऊन विषय संपवला असता.

मग जरा खाली सरकवलं आणि अण्णा दिसले.

टेंपोला टेकून उभे, डोक्यावर टोपी, मागं दारावर ओल्या रंगात "पोपट पार्सल सर्व्हिस, कळंब". मीच काढलेला फोटो तो, भिंतीवर हार घालून आहे तोच. बाजूला पाच पिवळे स्टार. खाली मजकूर. तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण तुझ्या बोटांनी लिहिलेलं तू एकदा माझ्या अक्षरात वाचावंस: "माझं वय झालं असलं तरी हे ॲप मला सहज जमतं. पूर्वी प्रत्येक घरासमोर ताटकळत थांबावं लागे. आता पार्सल दाराशी ठेवलं की माझं काम झालं. पोपट रोकडे, कळंब."

येत्या जानेवारीत अण्णांना जाऊन दोन वर्षं होतील, रवी.

मला इतका राग आला की मोबाईल फळीवर पालथा घातला. मेलेल्या माणसाच्या नावावर लोक काय काय करतात, माहीत आहे मला. सातबाऱ्यावर अंगठे उठवतात, मतं टाकतात. आपल्या घरात कुणी करेल असं वाटलं नव्हतं. आणि करायचंच होतं तर निदान त्यांच्या तोंडी त्यांचं बोलणं तरी घालायचंस. जगातली दुसरी कुठलीही गोष्ट त्यांच्या तोंडी घालायचीस. तुला नेमकं "दाराशी ठेवलं" सापडलं?

आईला मी सांगणार नव्हते. पप्पूनं दाखवलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्या रिव्ह्यूजवळच अण्णांचा फोटो आलाय, आईला बरं वाटेल. आईनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला, मग माझ्याकडे दिला. "काय लिवलंय, वाच."

मी वाचलं. शेवटचं वाक्य गाळलं.

"अजून हाय की खाली. त्ये बी वाच." आईला अक्षरं येत नाहीत, पण मी कुठं थांबले ते तिला दिसलं. मग वाचावंच लागलं. ती म्हणाली, "ह्यांनी कदी दाराशी ठिवलं न्हाई. ह्ये कुनी लिवलं?"

मी म्हणाले, कंपनीनं लिहिलं. तुझ्यासाठी मी आईशी खोटं बोलले. तिनं उठून फोटो पुसायला घेतला. पण तिला कळलं नसेल असं समजू नकोस. रोज संध्याकाळी रवीचा फोन आला का म्हणून विचारायची, काल विचारलं नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पुन्हा लिहिणार आहे. तुला विसर पडलाय आणि कुणीतरी आठवण करून द्यायला हवी.

अण्णा लहान असताना आजी त्यांना घेऊन दुकानात जायची. दुकानदार मीठ, गूळ वरून तिच्या पदरात टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. कधी पुडी खाली पडायची, मग आजी वाकून उचलायची, आणि अण्णा तिचा पदर धरून बघत उभे असायचे. हे त्यांनी आपल्याला एकदाच सांगितलं. तेसुद्धा टेंपोचं टायर बदलताना, आपल्याकडे न बघता. पाना तू धरला होतास.

म्हणून आपला धंदा हातानं चालायचा. मंचरच्या स्टँडवरून सायकलवर पार्सलं आणायचे तेव्हापासून त्यांचं एकच होतं, हातात दिलं तर पोचलं. मळ्यातलं ते मोठं घर आठवतं? तिथला म्हातारा आतूनच ओरडायचा, "ठिव तितं वट्यावर." अण्णा म्हणायचे, "दादा, हात पुढं करा, मग जातो." आणि उभे राहायचे. भांडण नाही, चढा आवाज नाही. पाऊस असला तर पार्सल टोपलीखाली झाकून स्वतः भिजत उभे. पुढच्या गावांना उशीर व्हायचा, लोक नावं ठेवायचे, एकदोघांनी काम काढूनही घेतलं. तरी अण्णा उभे. शेवटी आतून कुणीतरी यायचंच. सुरुवातीला घरातलं एखादं पोर यायचं, मग सुना यायला लागल्या. आणि टेंपो घेतल्यावर कधीतरी तो म्हातारा स्वतः यायला लागला. हॉर्न ऐकला की धोतराला हात पुसत बाहेर यायचा.

मी हे बघितलेलं नाही. मला हे तू सांगितलंस. सुट्टीत तू टेंपोत पुढं बसायचास आणि घरी आल्याबरोबर पळत येऊन सांगायचास, "ताई, आज पण आला, हात पुसत आला!" जणू तूच जिंकून आलायस. आईला, मला, मंगलकाकूला, ज्याला त्याला सांगत सुटायचास. त्या पोराला मी शोधतेय. फोन लावते तर कट होतो.

आणि त्या उभं राहण्याला तू "ताटकळत थांबावं लागे" म्हणालास. अण्णा ताटकळत नव्हते रे. तुला हे मी सांगायला हवं?

आता मी काय ठरवलंय ते लिहिते. ही विनंती नाही.

अण्णांचा फोटो आणि त्यांच्या नावावरचं ते बोलणं त्या पानावरून काढ. तूच लावलंस, तूच काढ. मी कंपनीला कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. अण्णांचं नाव उतरवायला मला परकी माणसं नकोत. पप्पूचं आणि काकूचं काय करायचं ते त्यांना विचारून ठरव, पण विचार.

महिनाअखेर माझ्या लक्षात आहे. अण्णांचे पाच स्टार गेले, माझे तीन छापलेच नाहीत, म्हणजे तुझा आकडा भरणार नाही आणि कदाचित तुला कायम करणार नाहीत. हे सगळं समजून सांगतेय. वाईट वाटतंय का? वाटतंय. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला तू इथं याच फळीवर झोपून अभ्यास केलास, ते मी विसरलेले नाही. तरीही सांगतेय. नाही झालास कायम तर इकडे ये. पप्पूला बिबट्याची भीती वाटते, संध्याकाळच्या मळ्यांना मला माणूस हवाच आहे. तुझ्या कंपनीएवढा पगार मिळणार नाही. पण इथं तू जे बोलशील ते तुझं असेल.

माझे तीन स्टार तीनच राहतील. कंपनी छापत नाही, म्हणून मी तो रिव्ह्यू पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ऑफिसच्या दाराला लावलाय, तीन स्टार काढून. पप्पूनं त्यात पिवळा रंग भरला. मंचरचे, नारायणगावचे दुकानदार माल घेऊन येतात, उभं राहून वाचतात. एकानं विचारलं, "तुमचाच भाऊ हाय ना त्या कंपनीत?" मी म्हणाले, हो, माझाच आहे, म्हणून तर तीन दिले.

आणि तुमची ती फुकटची सेवा मी काल बंद केली. त्यांनी धमकी खरी करण्याआधी मीच करून टाकली. मोबाईलवरून ॲप काढून टाकलं आणि मेलला उत्तर लिहिलं, की जे फुकट घेतल्यावर माझं तोंड तुमचं होतं, ते मला परवडत नाही. "हातात दिलं" असं बटण ज्या दिवशी येईल, त्या दिवशी पूर्ण पैसे मोजून विकत घेईन. आता पुन्हा दिवसभर फोन सुरू झालेत. घसा बसलाय. नारायणगावचे आजोबा टेंपो दिसत नाही म्हणून हवालदिल झालेत, त्यांना सांगितलंय की रोज संध्याकाळी मीच फोन करून पप्पूच्या चुगल्या करत जाईन.

या पत्राला ट्रॅकिंग नंबर नाही. उद्या पप्पू पुण्याला माल घेऊन येतोय, त्याच्याबरोबर पाठवतेय. सोबत आईनं शेंगदाण्याची चिक्की दिलीय. माझ्या वाटणीचीही त्यातच आहे, "ऐक ना" न म्हणता खा.

तुझ्या ऑफिसच्या गेटवर वॉचमन म्हणेल, इथं ठेवून जा. पप्पूला बजावलंय, ठेवायचं नाही. रवी मीटिंगमध्ये असेल, जेवायला गेला असेल, तोंड चुकवत वर बसून राहिला असेल, तरी तो खाली येईपर्यंत थांबायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. काय झालंय ते मी त्याला सगळं सांगितलंय. सलूनमध्ये दाखवलेलं आठवून तो ओशाळला. मग म्हणाला, "अण्णाकाकांबरोबर मी बी लई दारात उबा व्हतो, ताई. मला जमंल."

म्हणजे हे तू वाचतोयस, याचा अर्थ तू खाली आलास आणि हात पुढं केलास. पत्र पोचलं.

आता कागदातून मान वर करून बघ. पप्पू अजून तिथंच असेल. अण्णांना त्या पानावरून उतरवल्याशिवाय तो हलणार नाही, तसं त्याला मी सांगितलंय. मागं हॉर्न वाजतील, वॉचमन ओरडेल, मंचरच्या मालाला उशीर होईल. होऊ दे. त्याला चहा विचारू नकोस, गोड बोलू नकोस, उद्या करतो म्हणू नकोस.

तो ताटकळलेला नाही. उभा आहे.

तुझी ताई,
स्नेहा पोपट रोकडे
पोपट पार्सल सर्व्हिस, कळंब